दोन भाकऱ्या, वाटीभर वरण: ताटातलं रक्तात किती उतरतं?

ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर तुरीचं वरण, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, पेलाभर ताक, भाकरीवर चमचाभर तूप. भाकऱ्यांना साधारण 130 ग्रॅम पीठ लागतं, वरणाला 30 ग्रॅम डाळ, भाजीला 100 ग्रॅम निवडलेली मेथी, चटणीला 15 ग्रॅम दाणे आणि ताकाला 100 ग्रॅम दही. बेरीज केली तर प्रथिनं 28 ते 30 ग्रॅम आणि लोह 12 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं आणि 19 मिलिग्रॅम लोह लागतं. 55 किलोच्या बाईला प्रथिनं 46 ग्रॅम पुरतात, पण लोह 29 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे एका जेवणात प्रथिनांची निम्मी गरज भागली, लोहाचीही बरीचशी.

तरीही 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याच्या वरच होतं. याला गरिबी, पाळीतला रक्तस्राव, जंत, पाठोपाठची बाळंतपणं अशी बरीच कारणं आहेत. त्यातलं एक कारण मात्र वरच्या बेरजेतच आहे: ती ताटातली बेरीज आहे, रक्तातली नाही. मधे सात-आठ मीटरची अन्ननलिका, जठर आणि आतडी आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर काही पदरात पडतं, काही निसटतं.

तोंड आणि जठर

लाळ दिवसाला एक ते दीड लिटर सुटते. तिच्यातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, लांब साखळ्या तोडायला लागतं. घास तोंडात असतो जेमतेम अर्धा-एक मिनिट, म्हणून तोंडातलं पचन थोडंच होतं. पण गिळलेल्या घासाच्या आत जठरातलं आम्ल झिरपेपर्यंत हे काम चालू राहतं. चावण्याचा खरा फायदा वेगळा आहे. दाणा जितका बारीक होईल तितकी पुढच्या विकरांना शिरायला जागा मिळते. मक्याचे, तिळाचे किंवा जवसाचे अख्खे दाणे न चावता गिळले तर दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर पडतात. जवसाची चटणी कुटून करतात तेच बरं.

जठरात आम्ल इतकं तीव्र असतं की पीएच दीड ते साडेतीनच्या दरम्यान राहतो. त्यात बहुतेक जंतू मरतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर त्यांचे तुकडे पाडतं. जठर स्वतः पचून जात नाही, कारण आतल्या बाजूला श्लेष्माचा थर आणि त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, शिवाय अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. हे संरक्षण बिघडवणाऱ्या दोन गोष्टी ठळक आहेत. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. अल्सरशी त्याचं नातं दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. दुसरी, गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी दुकानातून आणून दिवसेंदिवस घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. अल्सरचा दोष तिखटाला देण्याची सवय जुनी आहे. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण अल्सरची मुख्य कारणं ही दोन.

जेवताना पाणी प्यायल्याने ‘जठराग्नी विझतो’ असं सर्रास सांगतात. पेलाभर पाणी लवकर पुढे निघून जातं आणि जठर गरजेप्रमाणे आणखी आम्ल सोडतं, त्यामुळे निरोगी माणसाचं त्याने काही अडत नाही. जळजळ होते ती बहुधा आम्ल कमी-जास्त झाल्यामुळे नव्हे, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली पडून आम्ल वर आल्यामुळे. भरल्या पोटी आडवं होणं, पोटावर घट्ट बांधणं, वाढलेलं पोट, तंबाखू, दारू आणि रात्रीचं तेलकट जेवण यांनी हे वाढतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवले, पलंगाची डोक्याकडची बाजू वीटभर उचलली आणि डाव्या कुशीवर झोपलं तर बऱ्याच जणांना गोळीशिवाय फरक पडतो. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिलीच असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर घेतली की ती ‘लागू पडत नाही’, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

साधं जेवण जठरात दोन ते चार तास राहतं. स्निग्ध पदार्थ जास्त असतील तर आणखी. म्हणून भात-वरणानंतर लवकर भूक लागते आणि तेच वरण तूप घालून खाल्लं तर जरा उशिरा. जठर आणि आतडी रिकामी झाल्यावर दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक मोठी लाट वरून खाली जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. पोटात कावळे ओरडतात ते या लाटेचे. दिवसभर बिस्कीट, फरसाण, चहा असं तोंड चालू राहिलं की ही साफसफाई मधेच थांबते.

पहिल्या वीतभरात

जठरातून अन्नाचा लगदा थोडा थोडा करून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आद्यांत्रात, उतरतो. हा भाग 25 सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरच. पण आम्ल इथे आलं की त्याच्या भिंतीतून सिक्रेटिन सुटतं आणि स्वादुपिंडाला आम्ल मारणारा क्षारयुक्त रस पाठवायला सांगतं. रक्तातून निरोप पोचवणारं संप्रेरक ही कल्पनाच 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिनवरून मांडली. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं आली की दुसरं एक संप्रेरक पित्ताशय आकुंचित करतं आणि स्वादुपिंडाची विकरं मागवतं.

भाकरीवरचं तूप इथवर तुपाच्याच गोळ्यांत आलेलं असतं. पाण्यात ते मिसळत नाही आणि विकरं तर पाण्यात असतात. तेलकट भांड्यावर साबण जे करतो ते इथे पित्त करतं: मोठ्या थेंबाचे असंख्य बारीक थेंब होतात आणि मेद तोडणाऱ्या लायपेज या विकराला काम करायला पृष्ठभाग मिळतो. यातून निघालेली मेदाम्लं आतड्याच्या पेशीत शिरून पुन्हा मेदात बांधली जातात. ती थेट यकृताकडे जात नाहीत. लसिकावाहिन्यांतून वर चढून डाव्या खांद्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळतात.

याच मार्गाने अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं आत जातात. मेथी, पालक, गाजर, भोपळा यांतलं बीटा-कॅरोटीन शोषलं जायला त्याच जेवणात थोडा तरी मेद लागतो. तीन ते पाच ग्रॅम पुरतो. एक लहान चमचा तूप किंवा तेल म्हणजे साधारण पाच ग्रॅम. बिनतेलाची वाफवलेली भाजी आणि कोरडी भाकरी खाऊन वजन उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उलट, चमचाभराने काम झालं म्हणून तीन चमचे घातल्याने शोषण तिप्पट होत नाही, फक्त दर चमच्याला 45 कॅलरी वाढतात.

जेवण, विशेषतः तेलकट जेवण झाल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे, उजव्या खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयातले खडे तपासून घ्यावेत. झपाट्याने वजन उतरवणाऱ्या आहारांनी असे खडे होण्याचा धोका वाढतो.

पिष्ट, साखर आणि शतपावली

भाकरीतल्या पिष्टाचं मुख्य पचन स्वादुपिंडातल्या अमायलेजने होतं, आणि शेवटची तोड आतड्याच्या अस्तरावर बसलेली विकरं करतात. ग्लुकोज आत घेताना अस्तराच्या पेशी सोबत सोडियमही ओढून घेतात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाबात नुसतं पाणी पाजून भागत नाही आणि जलसंजीवनीने भागतं, ते यामुळे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट भरलेले सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात आणि मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते घातक ठरू शकतं, म्हणून अंदाजपंचे घालू नये.

रक्तातली साखर किती भरभर चढेल हे पिष्टाच्या प्रमाणाइतकंच त्याच्या रूपावरही ठरतं. बारीक दळलेल्या मैद्याचं पिष्ट विकरांना उघडं मिळतं. अख्ख्या हरभऱ्यातलं पेशींच्या भिंतींत बंद असतं. जेवणाची सुरुवात भाजी-वरणाने करून भाकरी-भात नंतर घेतला तर चढ जरा कमी होतो. मधुमेहाच्या रुग्णांना फुकटात मिळणारा आणखी एक उपाय म्हणजे शतपावली. शंभर पावलं मिनिटभरात संपतात. दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि जेवणानंतरचा आकडा खाली राहतो.

ताकाचं वेगळं. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर बाळपणानंतर बहुसंख्य भारतीयांत कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात: गॅस, गुरगुर, पातळ शौच. दही लागताना जिवाणूंनी यातलं काही लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं, शिवाय ते फोडणारं स्वतःचं विकर ते सोबत आणतात. म्हणून पेलाभर दूध बाधतं त्या माणसाला वाटीभर दही चालतं. अशा माणसाने कॅल्शियमसाठी दही-ताकाकडे आणि नाचणीकडे वळावं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, अर्थात धान्यातल्या फायटेट या खनिजं धरून ठेवणाऱ्या घटकामुळे तेही सगळं हाती लागत नाही.

प्रथिनं: ज्वारीची खोड

प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन हे विकर स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात येतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. आधी झालं तर स्वादुपिंडच पचायला लागेल. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, शिजवल्यावर ते बरेचसे निष्क्रिय होतात. राजमा नुसत्या मंद आचेवर ठेवून अर्धवट शिजवणं धोक्याचं, कारण त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पुरत्या उकळीशिवाय नष्ट होत नाही आणि मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये मऊ शिजवला की प्रश्न मिटतो.

ज्वारीच्या प्रथिनाची एक खोड आहे. ते पाण्यात शिजलं की त्याचे रेणू एकमेकांत घट्ट अडकतात आणि विकरांना दाद देत नाहीत. गव्हा-तांदळात हे इतकं होत नाही. भाकरीतलं 13 ग्रॅम प्रथिन म्हणूनच पूर्ण 13 धरू नये. पीठ आंबवलं तर पचन सुधारतं. आंबील हा पदार्थ उन्हाळ्यापुरता उरलाय, तो या कारणासाठी तरी पुन्हा चुलीवर यायला हवा.

दुसरी उणीव लायसिन या अमिनो आम्लाची. ते धान्यांत कमी, ज्वारीत फारच कमी. डाळींत मात्र मुबलक. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यांत बरं. त्यामुळे भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात, पण वरण दाट आणि वाटीभर असेल तर. अनेक ताटांतलं वरण म्हणजे हळदीचं पाणी असतं, ज्यात डाळ 10 ग्रॅमही नसते. दोन्ही पदार्थ एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात मेळ बसला तरी चालतो. अंडं किंवा मासा असेल तर हा हिशेब मांडायचं कारणच उरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असतं.

लोह: सर्वात मोठी गळती

आता ते 12 मिलिग्रॅम लोह. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून सगळं नियंत्रण आत घेतानाच होतं, आणि तेही मुख्यतः आद्यांत्रात. मांस-माशांतलं हीम लोह 15 ते 25 टक्के शोषलं जातं. धान्य, डाळ, पालेभाज्यांतलं लोह आपल्या मिश्र शाकाहारी जेवणातून पाच ते आठ टक्के. म्हणजे 12 मधलं रक्तात उतरलं अर्धा ते एक मिलिग्रॅम. पुरुषाच्या शरीरातून रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह झडतं. पाळी येणाऱ्या बाईचं सरासरीने दीड ते दोन. हिशेब कुठे तुटतो ते इथे दिसतं.

हे प्रमाण कमी करणारं पहिलं कारण धान्य-कडधान्यांतलं फायटेट. ते लोह, जस्त आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं यांनी ते कमी होतं, म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ नुसत्या मटकीच्या आमटीपेक्षा सरस. दुसरं कारण चहा. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर घेतलेला कपभर चहा लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो, कारण त्यातले टॅनिन लोहाला बांधून टाकतात. चहा सोडायची गरज नाही, जेवणापासून तासभर दूर सरकवला की पुरे. सकाळी पोह्यांबरोबर चहा हा मात्र घरोघरचा रिवाज आहे आणि पोह्यांतलं लोह तिथेच वाया जातं.

शोषण वाढवतं ते क जीवनसत्त्व. जेवणात 25 ते 50 मिलिग्रॅम असेल तर वनस्पतिजन्य लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. लिंबू पिळा असं सगळे सांगतात, पण अर्ध्या लिंबाच्या रसात ते पाच-सात मिलिग्रॅमच असतं. ते उपयोगी आहे, पण पुरेसं नाही. पेरूच्या अर्ध्या फळात किंवा एका आवळ्यात ते कितीतरी जास्त मिळतं. जेवणानंतर फळ ‘पोटात सडतं’ ही समजूत निराधार आहे. इतक्या तीव्र आम्लात सडायला जिवाणू टिकत नाहीत. मेथीच्या भाजीनंतर पेरू खाणं लोहासाठी फायद्याचंच. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू भांडं खाली उतरवल्यावर पिळावं.

लोहाची गोळी चालू असेल तर ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. एक सकाळी, एक रात्री. गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी एक दिवसाआड घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावं.

टोकाचा भाग आणि बी-12

लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बी-12 शोषलं जातं, आणि तेही जठरातून सुटलेल्या एका खास प्रथिनाला चिकटूनच. गरज दिवसाला फक्त 2.2 मायक्रोग्रॅम, पण ते वनस्पतींत नसतं. वरच्या ताटात त्याचा स्रोत एकच, ताक, आणि 100 ग्रॅम दह्यातून गरज भागत नाही. 300 मिलिलिटर दूध घेतलं तरी जेमतेम निम्मी भागते. यकृतात साठा काही वर्षं पुरेल इतका असल्यामुळे कमतरता उशिरा कळते: पायांना मुंग्या, गुळगुळीत लाल जीभ, थकवा, विसराळूपणा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. बी-12 न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

मोठं आतडं

दिवसभरात पिण्याचं पाणी आणि पाचकरस मिळून आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. लहान आतडं त्यातला बहुतेक परत घेतं, मोठं आतडं उरलेला, आणि बाहेर पडतो तो 100-200 मिलिलिटर. न पचलेला तंतू (फायबर) इथे जिवाणूंचं अन्न होतो; त्यातून बनणाऱ्या आखूड मेदाम्लांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. हरभरा, वाल, राजमा यांतल्या काही साखरा तोडायला आपल्याकडे विकरच नाही, त्यामुळे गॅस होतो. दिवसाला 10 ते 20 वेळा वारा सरणं हा आजार नव्हे. मैद्यावरून एकदम भाकरी-उसळीवर आलेल्याने तंतू दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि पाणीही वाढवावं, नाहीतर बद्धकोष्ठ उलट बळावतं. सकाळी काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. ती वेळ बसच्या घाईत रोज मारली की काही महिन्यांत संवेदनाच मंदावते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार 2000 कॅलरींच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, दाणे-तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध किंवा दही 300 मिलिलिटर. आपलं ताट दिवसातून दोनदा धरून यापुढे ठेवलं तर धान्य बरोबर बसतं. डाळ दोन्ही वेळा दाट हवी, भाजी दुपटीने हवी, आणि फळ तर ताटात नव्हतंच.

डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी शौच लोहाच्या गोळीच्या काळपट रंगापेक्षा वेगळी असते. ती वरच्या भागातल्या रक्तस्रावाची खूण आहे. ती दिसली, उलटीत रक्त आलं, घास अडकू लागला, प्रयत्न न करता वजन उतरलं किंवा पन्नाशीनंतर पोटाच्या सवयी अचानक बदलल्या, तर ओवा-हिंगावर दिवस न काढता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं तर नुसती गोळी सुरू करू नये, रक्त कुठून जातंय ते आधी शोधावं.